गॅस गेलाय, साहेब

आपल्याकडे घरातली कुठलीही वस्तू बिघडली, की ती आधी घरातल्या घरात आणखी थोडी बिघडते आणि मग मिस्त्रीकडे जाते. मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन, दाराची बेल, सगळ्यांना हा मान पिढ्यानपिढ्या मिळत आलेला आहे. टेस्टर, इन्सुलेशन टेप, वाळून दगड झालेलं एम-सील आणि कुठल्या यंत्रातून उरले ते कुणालाच सांगता येणार नाही असे चार-सहा स्क्रू ज्या घराच्या खणात नाहीत, ते घर मराठी असल्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. एसी मात्र या परंपरेतून सुटला. तो आला उशिरा, आला तोही हप्त्यांवर, आणि भिंतीवर इतक्या उंच जाऊन बसला की त्याच्याशी बोलायचं ते रिमोटमधूनच. शिवाय आल्या दिवसापासून घरात एक दटावणी लागू झाली, "हात लावू नका हं, वॉरंटी जाईल." वॉरंटी यथावकाश आपोआप गेली. दटावणी राहिली.

त्यामुळे एसीच्या बाबतीत आपण सगळे एकाच माणसावर अवलंबून. हा माणूस फेब्रुवारीत रिकामा असतो तेव्हा त्याची आठवण कुणाला होत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे निघाला, की अख्ख्या डोंबिवलीला तो एकाच दुपारी आठवतो. मग "निघालोच आहे", "मागच्याच गल्लीत आहे", "सकाळी पहिला कॉल तुमचा" असे मुक्काम करत करत तो परवा कधीतरी पोचतो. आल्यावर स्टुलावर चढतो, वाऱ्यासमोर तळहात धरतो, जरा वेळ छताकडे बघतो आणि निदान सांगतो, "गॅस गेलाय, साहेब."

या वाक्याला तोड नाही. पंखा अडकलाय म्हटलं तर आपण बोट लावून फिरवून बघू, वायर जळाली म्हटलं तर हुंगून बघू. गेलेल्या गॅसपुढे माणूस निःशस्त्र होतो. तो दिसत नाही, मोजायचं साधन आपल्याकडे नाही, आणि स्टुलावर आपण नाही, तो आहे. गॅस कुठे गेला, कोणत्या वाटेने गेला, मागच्या वर्षी भरलेला त्याच्या आदल्या वर्षीच्या गॅसच्या मागोमाग का गेला, हे विचारायचं सुचतसुद्धा नाही. आपल्या तोंडून एकच प्रश्न निघतो, "किती होतील?"

या निदानाबद्दल संशय घ्यायला मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजने शिकवलं. आमचा फ्रिज आमच्या संसाराच्या वयाचा आहे. त्याचं हँडल बदललं, रबर बदललं, आतला दिवा तर सणासारखा अधूनमधून येतो. पण त्याच्यात कुणी कधी गॅस भरलेला नाही. आणि फ्रिज आणि एसी ही सख्खी भावंडं. दोघांच्याही पोटात नळ्यांचं एक बंद वेटोळं, त्यात फिरणारं एक द्रव्य. आतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते, होताना ते खोलीतली उष्णता उचलतं. बाहेरच्या कॉइलमध्ये त्याचा पुन्हा द्रव होतो, होताना ते ती उष्णता रस्त्यावर टाकून देतं. कॉम्प्रेसर हा या फेऱ्या मारून घेणारा मुकादम. या सगळ्यात ते द्रव्य जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. कारखान्यात जेवढं भरलं तेवढंच ते यंत्र भंगारात निघेपर्यंत आत राहायला हवं. कमी झालं, तर त्याचा अर्थ एकच, की कुठेतरी गळती आहे. एसीत ती फ्रिजपेक्षा जास्त वेळा होते, कारण त्याची आतली आणि बाहेरची पेटी तांब्याच्या नळ्यांनी आपल्या घरी येऊन जोडलेली असते, आणि ते नट कुणी किती घाईत आवळले यावर पुढची वर्षं ठरतात. म्हणजे दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणाऱ्या घरात एकतर गळती कुणी शोधलेली नाही, नाहीतर गॅस कधी गेलेलाच नाही.

मग गारवा जातो कुठे? बहुतेक वेळा उत्तर इतकं साधं असतं की ते सांगायला मिस्त्रीलाही संकोच वाटत असावा. कचरा.

एसीचं समोरचं झाकण दोन्ही कडांना धरून वर उचललं की खट् असा आवाज करून ते उघडतं. हा आवाज ऐकून घरातली मंडळी दचकतात, पण तो तसाच व्हायचा असतो. आत नायलॉनच्या बारीक जाळीचे फिल्टर असतात, किंचित वर ढकलून खाली ओढले की हातात येतात. स्क्रू नाही, पाना नाही, काही नाही. ज्या यंत्राला हात लावायला आपण इतकी वर्षं घाबरलो, त्याच्या कंपनीने ते आपणच उघडावं अशी सोय आधीपासून करून ठेवलेली असते, आणि माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलंही असतं. ती पुस्तिका मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेली नसते.

हातात आलेला फिल्टर बघण्याजोगा असतो. मागच्या बाजूने प्रकाशाकडे धरला तर प्रकाश दिसत नाही. गाद्यांचा कापूस, उदबत्तीची राख, फोडणीचा तेलकट धूर, समोरच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं सिमेंट, गणपतीतला गुलाल, असा घराचा आणि गल्लीचा गेल्या हंगामाचा सगळा इतिहास त्या जाळीवर थर धरून बसलेला असतो. ही सगळी हवा आपण रात्रभर दारं-खिडक्या बंद करून "शुद्ध गार हवा" म्हणून घेत होतो. फिल्टर नळाखाली धरायचा तोही उलट्या बाजूने, म्हणजे धूळ जाळीत आणखी रुतत नाही. तेलकटपणा असेल तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. मग सावलीत वाळवायचा; उन्हात टाकला तर त्याची प्लॅस्टिकची चौकट वाकते आणि परत बसताना रडवते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा एवढं केलं, तर एसीच्या दुखण्यांतली निम्मी दुखणी दारातूनच परत जातात, असं माझं मत आहे. आकडेवारी मागू नका, मत आहे.

फिल्टर तुंबला की पुढे काय होतं ते मोठं गंमतीचं आहे. कॉइलवरून हवाच पुरेशी वाहत नाही, त्यामुळे कॉइलला उचलायला उष्णता मिळत नाही, ती गार होत होत शून्याखाली जाते, तिच्यावरचं दव गोठतं आणि पेटीत बर्फ धरतो. बर्फाने उरलीसुरली हवाही अडते. म्हणजे बाहेर घामाच्या धारा आणि आत काश्मीर. मग एसी बंद केला की तो बर्फ वितळून भिंतीवर ओघळ येतात, नव्या रंगाला फुगे येतात, आणि मिस्त्री येऊन बर्फ बघतो आणि सांगतो, गॅस गेलाय. आता न्यायाने बोलायचं तर गॅस खरोखर कमी असला तरीही कॉइलवर बर्फ धरतो. तो माणूस खोटंच बोलतो असं नाही. तो फक्त महाग टोकापासून सुरुवात करतो. आपण स्वस्त टोकापासून करावी. एसी बंद ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्यावा, फिल्टर धुऊन बसवावा, वीसेक मिनिटं चालवावा आणि साधा थर्मामीटर आधी वरच्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथे, आणि मग झडपेपाशी, जिथून ती बाहेर येते तिथे धरावा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक दिसला तर गॅस जागेवर आहे, तुम्ही पंख्याखाली जाऊन चहा घ्या. फरक फारच कमी दिसला, तर मिस्त्रीला बोलावण्यासाठी आपल्याकडे भक्कम कारण असतं. आणि हातात थर्मामीटर घेतलेल्या गिऱ्हाइकाशी मिस्त्री जरा वेगळं बोलतो, हाही एक लाभच.

एसीचा जन्म माणसाला गार करण्यासाठी झालाच नाही, हे त्याला उघडून बघितल्यावर चटकन पटतं. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याची अडचण होती. रंगीत छपाईत एकेक रंग वेगळा छापायचा, आणि दमट हवेत कागद फुगायचा. पिवळ्यावर निळा बसेपर्यंत कागद आपली जागा सोडायचा. विलिस कॅरिअर नावाच्या २५ वर्षांच्या इंजिनिअरने हवेतला ओलावा काढण्यासाठी थंड कॉइलवरून हवा फिरवायची यंत्रणा आखली. पावसाळ्यात दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ छापणाऱ्या आपल्या मुद्रकांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. माणसांना गार वाटणं हा त्यातला वरकड फायदा. म्हणूनच हे यंत्र मुंबई-ठाण्याच्या हवेला इतकं लागू पडतं. जिथे पापड डब्यात सादळतात आणि मीठ बरणीत ओलं होतं, तिथे उष्म्यापेक्षा ओलाव्याचा जाच मोठा.

विदर्भाची गोष्ट वेगळी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास फिरतो, पण हवा कोरडी, त्यामुळे तिथे पाणी शोषून घ्यायला ती तहानलेली असते. म्हणून तिथे कूलर. ताट्यांवरून पाणी सोडायचं, त्यातून हवा ओढायची, पाण्याची वाफ होताना हवा गार होते, वर वाळ्याचा वास फुकट. हाच कूलर डोंबिवलीत लावला तर खोलीत प्रत्यक्ष पाऊस पडायचा तेवढा बाकी राहतो. पण मला सांगायचं आहे ते निराळंच. विदर्भातल्या घरांत कूलर कधी मिस्त्रीवर सोडलेला मी पाहिला नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर तो माळ्यावरून किंवा गच्चीवरून उतरतो, पत्र्याची टाकी घासली जाते, गंजलेल्या जागी रंगाचा हात फिरतो, जुन्या ताट्या जाऊन नव्या येतात, पंपाच्या बारीक नळीतला क्षार टाचणीने काढला जातो, आणि हे सगळं काका, मामा, घरची पोरं मिळून करतात. पंपाला शॉक येतो का ते बघायची एकेकाची पद्धत तर अंगावर काटा आणणारी. त्या मानाने एसीची घरातली बाजू सांभाळणं हे फारच सभ्य काम आहे. नागपूरकडच्या सोयऱ्यांपुढे आम्ही मुंबईवाल्यांनी एसीची भीती सांगू नये.

आता पाणी. ओलावा काढायचा म्हणजे तो कुठेतरी जायला हवा. दमट दिवशी दीड टनाचा एसी तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त पाणी हवेतून पिळून काढतो. कॉइलच्या खाली एक पन्हळ असते, तिच्यातून ड्रेन पाईपने हे पाणी बाहेर पडतं. बाहेर म्हणजे कुठे, यावर आपल्या गृहनिर्माण संस्थांचं निम्मं सामाजिक जीवन उभं आहे. तिसऱ्या मजल्याचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या वाळत घातलेल्या सतरंजीवर पडतं, दुसऱ्याचं पहिल्याच्या तुळशीवर. तुळशीला पाणी मिळतं हे पुण्य आहे असा युक्तिवाद आमच्या सर्वसाधारण सभेत झालेला आहे; तो इतिवृत्तात नोंदवावा की नाही यावर आणखी अर्धा तास गेला. नंतर फलकावर सूचना लागली, की एसीचे पाणी पाईपद्वारे खालपर्यंत सोडावे किंवा बादलीत साठवावे. बादली हा शहाणपणाचा मार्ग. हे पाणी पिण्याजोगं नसलं तरी लादी पुसायला आणि कुंड्यांना चालतं.

बादलीचंही एक शास्त्र आहे. पाईपचं टोक पाण्यात बुडलं की आतून येणाऱ्या पाण्याची वाट अडखळते, ते मागे पन्हळीत साचतं, आणि रात्री दोन वाजता ते झोपलेल्या माणसाच्या कपाळावर टपकतं. टोक पाण्याच्या वर राहील असं बांधलं की काम झालं. मधे पाईपने कुठे वर उसळी घेतली असेल, म्हणजे रंगाऱ्याने किंवा केबलवाल्याने तो हलवला असेल, तरी हेच होतं. पाणी आपल्या घरात कुणाचंही ऐकत नाही, उतार असेल तिकडे जातं. आणि ही दोन्ही कारणं नसतील तर तिसरं असतंच, पाईपमधला गाळ. धूळ आणि ओलावा एकत्र नांदले की त्यांच्या संसारातून एक बुळबुळीत, मळकट चिखल जन्माला येतो आणि तो नेमका पन्हळीच्या तोंडाशी मुक्काम करतो. पाईपच्या बाहेरच्या टोकाला ओला कचरा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर तो गाळ असा आवाज करत येतो की ऐकून फार बरं वाटतं. व्हॅक्यूम नसेल तर पन्हळीत हलक्या हाताने कोमट पाणी सोडून बघावं. आमच्याकडे वरच्या मजल्यावरचे एक काका सायकलचा पंप लावून फुंकर मारा असा सल्ला येता-जाता देतात. तो मानू नये. आतला सांधा निसटला, की मग भिंतीच्या आतल्या पाण्याचा शोध घेण्यात पावसाळा येतो.

एसी सुरू केल्या केल्या आंबूस वास येत असेल तर झडपेतून टॉर्च मारून आत बघावं. आडवा, लांबलचक, बारीक पात्यांचा ब्लोअर दिसतो, आणि त्या पात्यांवर काळं काही दिसलं तर ती बुरशी. मेन स्विच बंद करून जुन्या टूथब्रशने एकेक पातं साफ करायचं हे संथ काम आहे. सकाळी आकाशवाणी लावून केलं तर चांगलं होतं. कॉइलच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मात्र जपाव्यात. ब्रश फिरवायचा तो वरून खाली, पट्ट्यांच्याच दिशेने. आडवा फिरवला की त्या कागदापेक्षा सहज वाकतात आणि हवेची वाट बंद करतात. आपल्या घरांत स्वच्छतेचा उत्साह आला की न्हाणीघरातली बाटली उचलायची सवय आहे. आम्ल, ब्लीच, कॉस्टिक सोडा यातलं काहीही या पट्ट्यांना लावू नये. ॲल्युमिनियम त्यांच्यापुढे टिकत नाही. पाण्याची फवारणी आणि धीर, एवढ्यावर भागतं. आणि बुरशी परत येऊ नये म्हणून एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसता फॅन मोडवर ठेवायचा, म्हणजे कॉइल कोरडी होते. "अहो, गार हवा येत नाहीये, चालू कशाला ठेवलाय?" हा प्रश्न त्या वेळात हमखास येतो. उत्तर द्यायचं, पण हळू आवाजात.

प्रश्नांवरून आठवलं. एसी बिघडलाय असं वाटायला लावणारं एक फार मोठं कारण एसीत नसतंच, ते रिमोट धरणाऱ्या बोटात असतं. घरात शिरल्या शिरल्या १६ वर आणायचा, म्हणजे लवकर गार होईल, ही श्रद्धा आहे. यंत्र २४ वर ठेवलं तरी तापलेल्या खोलीत सुरुवातीला तेवढ्याच जोराने राबतं. १६ वर ठेवल्याने ते घाई करत नाही, फक्त थांबायचं कुठे ते त्याला सापडत नाही. दिल्लीच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे ते तारे वाटणाऱ्या बीईईने, एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं सांगितलं, आणि १ जानेवारी २०२० पासून तारे मिळालेल्या रूम एसींचा मूळ आकडा २४ अंश ठेवायला लावला. आमच्या घरी या सरकारी आकड्याला विरोधी पक्ष आहे. तो १८ मागतो आणि मग दुलई घेतो. दुलईखाली घाम आला तर पाय बाहेर काढतो. या वादात मी अंपायर आहे आणि मला रिमोट मिळत नाही.

दीड टन म्हणजे काय, हे मात्र एकदा हिशेबाने समजून घेण्यासारखं आहे, त्याने यंत्राबद्दल आदर वाढतो. एक टन म्हणजे २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी खोलीबाहेर काढण्याची ताकद. म्हणजे आपल्या बेडरूममधलं दीड टनाचं मशीन दिवसभर पूर्ण क्षमतेने चाललं तर सुमारे १३६० किलो बर्फाचं काम करतं. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये जहाजात भुशात गुंडाळलेला बर्फ कलकत्त्याला पाठवला, आणि पाठोपाठ तो मुंबईतही आला, तेव्हा त्याचं केवढं अप्रूप झालं. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, अशी गोष्ट जुने मुंबईकर सांगतात. आता तेवढा गारवा एका बटणावर मिळतो आणि सर्दीची बातमी व्हॉट्सअॅपवर येते.

रिमोटचं थोडक्यात. एसी काहीच ऐकत नसेल तर मिस्त्रीला फोन करण्याआधी त्याच फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांना जांभळट दिसतो. दिसला तर रिमोट जिवंत आहे. नाही दिसला तर सेल बदला. एवढ्यासाठी लोकांनी व्हिजिट चार्ज दिलेला आहे.

इथपर्यंत सगळं स्टुलावर उभं राहून होण्यासारखं. याच्यापुढे एक रेघ आहे, आणि ती ओलांडू नये असं मी ठामपणे म्हणतो. गॅसला हात लावायचा नाही. नव्या एसींत असणारा आर-३२ काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे, आर-२९० तर शुद्ध प्रोपेन. नळ्या झाळण्याचा दिवा आणि हे गॅस यांची गाठ घरी घालू नये. कॅपॅसिटरलाही हात नाही. बाहेरचा पंखा नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, तेव्हा बहुधा हीच काही शे रुपयांची डबी गेलेली असते, आणि ती बदलताना बघितली की वाटतं, हे तर मलाही जमेल. पण वीज बंद केल्यावरही तिच्यात भार साठलेला असतो. इन्व्हर्टर एसीच्या बोर्डावर तर काही वेळ तीनशे व्होल्टच्या वर. टेस्टरला हे समजत नाही, हाताला समजतं. प्लग किंवा सॉकेट गरम लागत असेल, त्याचं प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल, तर एसीवाल्याच्याही आधी वायरमनला बोलवा.

मिस्त्रीला मात्र तीन प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. गळती कुठे आहे ते दाखवा. साबणाचं पाणी लावलं की फुगे येतात, आणि सांध्यापाशी तेलाचा डाग असतो. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम करणार का? आणि गॅस वजन करून भरणार का, कारण किती ग्रॅम हवा ते पेटीवरच्या पाटीवर छापलेलं असतं. हे विचारल्यावर चांगला मिस्त्री खूश होतो, कारण त्याच्या कामाची कदर असणारं कुणी त्याला भेटलेलं नसतं. दुसरा मिस्त्री असेल तर त्याला अचानक दुसरा कॉल येतो. चांगल्या मिस्त्रीला धरून ठेवा. त्याला फेब्रुवारीत बोलवा, चहा द्या, त्याने सांगितलेल्या पैशांत घासाघीस करू नका.

कारण खरं अवघड काम त्याचं आहे, आणि ते खिडकीबाहेर आहे. आउटडोअर युनिट. आपल्या बिल्डरांनी खोल्या बांधल्या, ग्रिल बांधले, पण एसीची बाहेरची पेटी ठेवायला जागा बांधायची बहुतेकांना आठवण झाली नाही. मग ती चौथ्या-सातव्या मजल्यावर लोखंडी ब्रॅकेटवर लटकते. खारी हवा ते ब्रॅकेट खाते, कबुतरं तिच्यामागे घरटं करतात, पाल बोर्डात शिरून शॉर्ट सर्किट करते आणि जाताना बोर्डही घेऊन जाते. घरट्यात पिल्लं असली तर आमच्या घरी एसी बंद राहतो. तेवढे दिवस १८ चा पक्षही २४ च्या पक्षाबरोबर पंख्याखाली बसतो. त्या पेटीची कॉइल धुतली गेलीच पाहिजे, कारण उचललेली उष्णता टाकायची जागा तीच, आणि ती मातीने लिंपली असेल तर आत कितीही फिल्टर धुवा, गारवा येणार नाही. पण ती आपण धुवायची नाही. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, एका हाताने ग्रिल धरून, घरच्यांना "पाय धरा" म्हणत तर मुळीच नाही.

आणि तो मिस्त्री, विशी-पंचविशीचा पोरगा, बहुतेक वेळा चप्पल काढून, पाना दातात धरून, कशालाही न बांधता खिडकीबाहेर उतरतो. आपण आत उभे राहून त्याला सांगतो, "जपून रे बाबा," आणि त्याने आपलं कर्तव्य संपतं. फोन करतानाच त्याला विचारा, सेफ्टी बेल्ट आणि दोर आहे का. नसेल तर त्याच्या मालकाला आणायला लावा, आणि बेल्ट बांधून तो दोर घरातल्या भक्कम ठिकाणी अडकवेपर्यंत त्याला खिडकीवर चढू देऊ नका. बेल्ट आलाच नाही, तर त्या दिवशीचं काम रद्द करा आणि एक रात्र पंख्यावर काढा.